शिबिरामागचा कारभार

वऱ्हाडातल्या एखाद्या घरी फाटलेल्या ओठाचे मूल जन्मास आले, की सुनेने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, विळी हातात घेतली, असा ठपका कोणी ना कोणी ठेवतोच. आणि गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत ओठाचे भाग परस्परांस न जुळल्यामुळे उद्भवणाऱ्या, ग्रहणाशी सुतराम संबंध नसलेल्या या व्यंगाचा दोष त्या निरपराध मातेच्या माथी बसतो. ओठ वा टाळू फाटण्याचे हे व्यंग सुमारे सातशे जन्मांमागे एका अर्भकाच्या वाट्यास येते.

अशा रुग्णांसाठी महाराष्ट्रात मोफत शिबिरे भरविणाऱ्यांत भारतीय जैन संघटनेचे नाव आदराने घ्यावे लागते. तिचे संस्थापक शांतिलाल मुथ्था हे मूळचे बीड जिल्ह्यातले आणि पुण्यास बांधकाम व्यवसायात नावारूपास आलेले गृहस्थ. वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, धंदा भरभराटीस आला असताना, त्यांनी त्यातून अंग काढून घेतले व १९८५ साली ही संघटना स्थापन केली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना त्यांनी शिक्षणासाठी पुण्यास नेले. पुढे आमच्याच जिल्ह्यातील मेळघाटची आदिवासी मुलेही संघटनेच्या वाघोलीच्या वसतिगृहात शिकली.

शस्त्रक्रियेच्या शिबिरांत त्यांना लाभलेले सहकारी म्हणजे मूळचे पंढरपूरचे आणि न्यूयॉर्कला स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित. अपघाताने आलेले अपंगत्व आणि कर्करोग सोसूनही, चाकांच्या खुर्चीचा आधार घेत, हे शल्यविशारद वर्षानुवर्षे भारतात येऊन विनामूल्य शस्त्रक्रिया करीत राहिले. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ साली ते निवर्तले. परंतु शल्यविशारदाचा हात कितीही सिद्ध असला, तरी खेड्यापाड्यांतून रुग्ण हुडकणे, त्यांची नोंद ठेवणे, रक्त तपासणे, सोबत्यांच्या जेवणाखाण्याची तजवीज लावणे, हा सारा बंदोबस्त चोख झाल्याखेरीज तो हात चालणार कसा? माझ्या मते व्यवहारात मुरलेल्या माणसाने सेवेस दिलेले खरे दान पैशाचे नसून या कारभाराचे आहे. द्रव्य देणारे पुष्कळ भेटतात, दप्तर सांभाळणारे विरळा.

तथापि शिबीर उठून जाते आणि रुग्ण मागे राहतो. टाळू फाटलेल्या मुलास शस्त्रक्रियेनंतरही वाचोपचार लागतात, दंतवैद्य लागतो, कित्येकदा दुसरी शस्त्रक्रिया लागते. ही जबाबदारी कायमच्या शासकीय व्यवस्थेनेच उचलली पाहिजे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुले तपासतात, आणि या व्यंगावरील उपचार त्या योजनेत मोफत आहेत. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यानंतर, आणि टाळूची वर्ष-दीड वर्षाच्या आत, म्हणजे बोल फुटण्यापूर्वी व्हावी. तेव्हा चांदूर बाजारच्या पंचक्रोशीत असे मूल कोणाच्या दृष्टीस पडल्यास त्याने त्या मातेस ग्रहणाची गोष्ट न सांगता आशाताईंची वा ग्रामीण रुग्णालयाची वाट दाखवावी, आणि शक्य तर स्वतः तिच्यासोबत जावे.