वाट अरुंद झाली तर काय पाठवायचं? चालत्या लष्कराचं संदेशजाळं
(बेंबळी येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आपल्या खिशातला मोबाइल फिरतो, पण त्याचा टॉवर जागचा हलत नाही. लष्कराला ही चैन नाही. तुकडी निघाली की जाळंही तिच्याबरोबर निघालं पाहिजे. म्हणून तिथे प्रत्येक रेडिओ संच स्वतः बोलतो, शिवाय शेजारच्याचा निरोप पुढे पोचवतो. मधला संच टेकडीआड गेला की निरोपाची वाट बदलते. कधी हमरस्ता मिळतो, कधी नुसती पाऊलवाट.

जरा हिशेब करू. 2 एमबीचा फोटो म्हणजे साधारण 1 कोटी 60 लाख बिट. लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर सेकंदाला 2400 बिट जात असतील, तर त्याला जवळपास 1 तास 51 मिनिटं लागतील. वेग 75 बिटांवर उतरला, तर अडीच दिवस! आणि ‘बेंबळी’ हा शब्द? यूटीएफ-8 मध्ये 6 चिन्हं, प्रत्येकी 3 बाइट, एकूण 144 बिट. वरचे जादा बिट सोडले, तर त्या 75 च्या वेगानेही दोन सेकंदांत पोचला.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी, सास्तूर भुईसपाट झाली आणि मदतीला लष्कर आलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तशा कामावर आजची तुकडी आहे असं समजा. वाट रुंद असेल तर ढिगाऱ्याचा फोटो जाऊ द्या. अरुंद झाली तर फक्त ‘जिवंत माणूस, अमुक गल्ली, क्रेन पाठवा’. हे त्या धांदलीत जवानाने ठरवत बसायचं नसतं. संच वेग मोजतो आणि आधी लावून दिलेल्या क्रमाने निरोप सोडतो.

रांगेचा आपला नियम, आधी आला त्याचा नंबर आधी, इथे घात करतो. तुकडी पंधरा मिनिटांपूर्वी कुठे होती हेच पाठवत बसलो, तर ती आत्ता कुठे आहे हे मागे राहतं. म्हणून नवं ठिकाण आलं की जुनं रांगेतून काढून टाकायचं. रक्ताची मागणी मात्र अशी काढता येत नाही. पोच येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. हा फरक यंत्राला आपोआप कळत नाही. तो सांगायला मैदानावर काम केलेला माणूसच लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता थोडं मागे जाऊ. 14 जानेवारी 1761, पानिपत. दिल्लीकडून दक्षिणेत येणारी डाक आधीच तुटली होती. नानासाहेब पेशव्यांना खबर लागली ती भेलशाजवळ, दहा दिवसांनी, एका सावकारी पत्रातून, अशी हकिकत आपण ऐकत आलो आहोत. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक शब्दांतला दोन-तीन ओळींचा मजकूर. म्हणजे भाऊसाहेब-विश्वासराव आधी, सरदारांचा आकडा नंतर. पेशव्यांना जे तातडीने कळायला हवं होतं, ते त्यात आलं. बाकी सगळे मोजदाद नसलेल्या खुर्द्यात गेले. त्या खुर्द्यातल्या शिपायांच्या घरी मात्र आपला माणूस जिवंत आहे की नाही, हे त्या पत्राने कुणालाच सांगितलं नाही.