पाण्याची खातेवही कोणी लिहावी?

पेढीवरचा दिवा मालवण्यापूर्वी दिवसाचा जमाखर्च लिहून व्हावा, ही आपली जुनी रीत. शिल्लक किती, उचल किती, बुडीत किती, हे ज्यास ठाऊक नाही त्याची पेढी फार काळ चालत नाही, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. परंतु ज्यावाचून एक दिवसही निभत नाही त्या पाण्याची खातेवही आपल्या इंदूर नगरीत कोण लिहितो, हे आपण क्वचितच विचारतो.

नगररचनाशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला अहवाल सादर केला. त्यात नद्या, पाणीपुरवठा व सांडपाणी यांचा विचार आहे, तसाच इंदुरास विद्यापीठ असावे याचाही विस्तृत विचार आहे. हे विद्यापीठ १९६४ साली निघाले व आज ते देवी अहिल्येचे नाव धारण करीत आहे. पाणी आणि विद्या यांची ती सांगड मात्र अद्याप पुरती बसलेली नाही.

सिरपूर व बिलावलीचे तलाव आणि गंभीर नदीवरील यशवंतसागर यांवर शहराची तहान एके काळी भागे. वस्ती वाढली, ते पुरेनासे झाले. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी नागरिकांनी मोठे आंदोलन केले, आणि १९७८ साली जलूद येथून, सुमारे ७० किलोमीटरांवरून, नर्मदा शहरात आली. हे पाणी माळव्याच्या पठारावर विजेच्या बळाने चढवावे लागते. म्हणजे त्यातील प्रत्येक गळती ही रोकड गळती होय. भूगर्भात काळा पाषाण. पाणी साठते ते त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत. कूपनलिका खोल गेल्या म्हणून ती शिल्लक वाढत नाही.

२०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात अग्रक्रम मिळविणाऱ्या या शहरात, २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात घाण मिसळली. शेकडो लोक आजारी पडले, कित्येकांचे प्राण गेले. पाणी सतत वाहते नसले की रिकाम्या नळांत दाब राहत नाही, आणि फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत शिरते. आपल्या घरांत पाणी गाळून घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. परंतु रोगजंतू व विरघळलेले क्षार वस्त्रातून निसटतात. ते ओळखावयास प्रयोगशाळाच हवी.

सरकार याबाबतीत अगदीच उदासीन आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०२४ साली केंद्र सरकारने सहा नद्यांच्या खोऱ्यांचा अभ्यास बारा संस्थांकडे सोपविला. त्यात नर्मदेचे काम इंदूर व गांधीनगर येथील आय.आय.टी.कडे, तर गोदावरीचे हैदराबादची आय.आय.टी. व नागपूरची ‘नीरी’ यांच्याकडे आले. ही गोष्ट स्तुत्य आहे. तथापि खोऱ्याचा आराखडा निराळा आणि गल्लीतल्या नळाची परीक्षा निराळी.

म्हणून राज्य सरकारने येथील विद्यापीठास या कामी कायम वार्षिक अनुदान द्यावे, असे आमचे मत आहे. मोहल्ल्यामोहल्ल्यातील नमुने तपासावेत, पावसाळ्यापूर्वी व नंतर विहिरींची पातळी मोजावी आणि निष्कर्ष लोकांसमोर मांडावेत. एका वर्षाच्या अनुदानाने हे साधणार नाही, कारण एक पावसाळा दुसऱ्यासारखा नसतो. अशा नोंदींस बाजारात गिऱ्हाईक नाही, पण लाभ सर्वांस आहे. सरकारी खजिन्यावर त्यांचा हक्क पोचतो तो यामुळेच. आणि विद्यापीठच का? ज्या मुनिमाने वही लिहिली त्यालाच आपण ती तपासावयास देत नाही. पाणी पुरविणारा आणि पाणी पारखणारा हेही वेगळेच असावेत.

व्यापारी संघांनी ही मागणी सरकारदरबारी नेटाने मांडावी, आणि उपकरणांसाठी यथाशक्ती हातभारही लावावा, अशी आमची नम्र विनंती आहे. धंद्यातील तूट पुढच्या दिवाळीपर्यंत भरून निघते. भागीरथपुऱ्यातील घरांत जी तूट आली ती कोणत्याही वहीत भरून निघावयाची नाही.