तीन लोंब्यांचा वाद आणि पेशीतले नक्कलनवीस

धानाच्या वाणांच्या वंशावळी जुळवीत बसण्याचा मला जुना नाद आहे, आणि झाडीपट्टीत ज्या वंशावळीवरून सर्वांत अधिक शाई खर्ची पडली ती एच.एम.टी. या वाणाची होय. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना 1983 साली पटेल-3 धानाच्या बांधीत तीन लोंब्या अशा दिसल्या, की ज्यांचे दाणे शेजारच्या दाण्यांहून रंगाने व घडणीने निराळे होते. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या या अल्पभूधारकाने त्या लोंब्या खुडून प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या, दुसऱ्या हंगामात काटेरी कुंपण घातलेल्या लहानशा वाफ्यात वेगळ्या पेरल्या, आणि वर्षामागून वर्ष तीच निवड चालू ठेवली. 1990 च्या सुमारास हे धान तळोधीच्या बाजारात पोचले, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळी मनगटावर मिरविल्या जाणाऱ्या घड्याळाचे नाव दिले.

त्याच 1983 साली बार्बरा मॅक्लिंटॉक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मक्याच्या कणसावरील ठिपकेदार दाणे निरखता निरखता 1940 नंतरच्या दशकात त्यांनी असा सिद्धांत मांडला होता, की जनुकद्रव्याचे काही अंश आपली जागा सोडून हिंडतात. आणि विद्वानांनी तो बराच काळ उपेक्षेने ऐकून घेतला होता. त्यांचे अंश एका ठिकाणाहून निघून दुसरीकडे बसणारे होते. रेट्रोट्रान्सपोझॉन हा त्याहून बहुप्रसव वर्ग पुढे उजेडात आला, आणि त्याचा कारभार तहसील कचेरीतील नकलेच्या खात्यासारखा चालतो: मूळ कागद दप्तरातून हलत नाही, त्याची नक्कल आर.एन.ए.च्या रूपाने बाहेर पडते, त्या नकलेवरून एक विशिष्ट विकर पुन्हा डी.एन.ए. घडविते, आणि ही नवी प्रत गुणसूत्रात भलत्याच जागी दाखल होते. अशी भर पडत पडत मक्याच्या जनुकसंचाचा सुमारे 85 टक्के भाग चल अंशांनी व्यापला. मनुष्याच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. धानाच्या जनुकसंचाचे वाचन आंतरराष्ट्रीय प्रयत्नाने 2005 साली प्रसिद्ध झाले, ज्यात अकराव्या गुणसूत्राच्या कामात भारतीय संशोधकांचाही वाटा होता. त्यातील 39 कोटींच्या आसपास अक्षरांपैकी किमान एक तृतीयांश अशाच चल अंशांची निघाली. धानाच्या एका रानटी ऑस्ट्रेलियन भाऊबंदाने तर केवळ तीन रेट्रोट्रान्सपोझॉन कुळांच्या जोरावर, गेल्या तीसेक लाख वर्षांत, आपला जनुकसंच जवळजवळ दुप्पट करून घेतला.

या पसाऱ्यास कित्येक वर्षे केरकचरा म्हटले गेले, ते मला उतावीळपणाचे वाटते. आणि त्यातील प्रत्येक तुकड्यास काहीतरी थोर कार्य चिकटविण्याची हल्लीची हौसही तितकीच उतावीळ. बहुसंख्य प्रती रासायनिक मोहर लावून निजविलेल्या असतात. परंतु क्वचित एखादी जागी होते. जपानच्या निप्पोनबारे धानात टॉस-17 नावाच्या अंशाच्या दोनच प्रती निद्रिस्त होत्या. ऊतिसंवर्धनात पेशी वाढविताच त्या जाग्या होऊन नव्या प्रती पसरू लागल्या, हे संशोधक हिरोचिका यांनी 1996 साली दाखविले. काळ्या तांदळाचा रंग एका जनुकाच्या उंबरठ्यावर असाच एक अंश येऊन बसल्याने उद्भवला. मांजराच्या पांढऱ्या पायांमागे प्राचीन विषाणूचा अंश आहे, आणि गोठ्यातील गाईच्या जनुकसंचाचा सुमारे पाव भाग अशा कुळाचा व त्याच्या उपशाखांचा आहे, की ज्याची सोयरीक सापा-सरड्यांकडे पोचते.

नांदेडच्या त्या तीन लोंब्यांतील भेद परपरागाचा, बियाण्याच्या सरमिसळीचा की उत्परिवर्तनाचा, हे धुऱ्यावर उभे राहून कोणासही सांगता येत नाही. वाद मात्र नेमका येथूनच पेटला. सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने 1994 साली दादाजींकडून बियाणे नेले, आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 1998 साली पीकेव्ही एच.एम.टी. हे वाण प्रसारित केले. मूळ बियाणे अशुद्ध होते व ते आम्ही शुद्ध केले, हा विद्यापीठाचा पक्ष. तर शोध माझा असताना माझे नाव कोठे, हा दादाजींचा सवाल. त्यावर वाण-नोंदणीच्या कायद्याने पुढे मागितलेली कसोटी भिन्नता, एकरूपता आणि स्थैर्य अशी तिहेरी आहे.

एकरूपता आणि स्थैर्य यांसाठी विद्यापीठाने श्रम केले असतील, तर ते त्याच्या खाती अवश्य जमा व्हावेत. पण ज्या जनुकसंचाचा तिसरा हिस्साच चंचल अंशांचा आहे, त्याच्या ठायी शुद्धता ही निसर्गाची स्थिती नसून दर पिढीस राखावी लागणारी शिस्त आहे. आणि राखण्याजोगे असे काही बांधीत उगवले आहे, हे प्रथम ओळखणे त्या शिस्तीच्या आधीचे व अधिक दुर्मिळ काम आहे. मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांपाशी तेच केले होते. शेतकऱ्याच्या वाणास नोंदणीचा हक्क देणारा कायदा 2001 साली झाला, म्हणजे विद्यापीठाच्या प्रसारणानंतर तीन वर्षांनी. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते 2005 साली दादाजींचा गौरव झाला. 3 जून 2018 रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुढच्या एका वाणास डी.आर.के. ही त्यांची आद्याक्षरे लाभली. एच.एम.टी.च्या पोत्यावर मात्र आजही घड्याळाचेच नाव आहे, आणि माझ्या मते ती नोंद दुरुस्त होणे बाकी आहे.