उजळलेल्या फोटोतला उजेड कुठला?

मॉडेलचा एखादा फोटो घ्यायचा, ॲपमध्ये टाकून कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस पार टोकाला न्यायचे, चौकोनी ठिपके दिसेपर्यंत झूम करायचं आणि तिथे सापडणाऱ्या उजेडाचा छडा लावायचा, हा हौशी तपास आता मोबाइलवरही होतो. सापडतंही बरंच काही. खांद्याभोवती पांढुरकी कड, डोळ्यात उजळ चौकट, मागच्या काळ्या पडद्यावर वलयं, गालावर चांदण्यांसारखे ठिपके. मग कोणाला त्यात तेजोवलय दिसतं, कोणाला गुप्त खूण, तर कोणाची खात्रीच पटते की फोटो बनावट आहे. निष्कर्ष एकमेकांशी भांडणारे असले तरी त्यांच्या मुळाशी समजूत एकच असते: फोटो ‘एन्हान्स’ केला की आत दडलेलं वर येतं. वास्तविक सॉफ्टवेअरपुढे असतो तो आकड्यांचा तक्ता, आणि ते त्या आकड्यांवर गणित करतं. त्या गणिताने कधी खरोखरच मंद तपशील दिसू लागतो. पण त्याच गणितातून मुळात नसलेलंही तयार होतं, आणि दोन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच ऐटीत उभ्या राहतात. त्यामुळे ‘हा उजेड कसला?’ असं विचारण्याआधी ‘हा मूळ फाइलमध्ये आहे का?’ हे विचारायला हवं.

गंमत अशी, की या गणिताचं बालपण एका मॉडेलच्याच फोटोवर गेलं. नोव्हेंबर १९७२च्या ‘प्लेबॉय’मधलं लेना फोर्सेन या स्वीडिश मॉडेलचं छायाचित्र पुढच्या वर्षी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत स्कॅन झालं. घेतला तो फक्त खांद्यापासून वरचा भाग, ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा. हॅटची पिसं बारीक, खांदा गुळगुळीत, पार्श्वभूमी धूसर. चित्रावरच्या प्रक्रियेची परीक्षा घ्यायला इतकी विविधता एका चौकटीत क्वचित मिळते. पुढची कित्येक दशकं फाइल लहान करण्याच्या, खरखर काढण्याच्या, कडा धारदार करण्याच्या असंख्य पद्धती या चेहऱ्यावर तपासल्या गेल्या. १ एप्रिल २०२४पासून आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने हे चित्र असलेले शोधनिबंध घेणं थांबवलं, आणि ते उचितच झालं. मात्र त्या संशोधकांची एक शिस्त उचलण्याजोगी होती. प्रक्रिया केलेलं चित्र ते मूळ चित्राशेजारी ठेवत आणि दोहोंतला फरक मोजत, कारण प्रक्रियेने किती बिघडवलं हेच त्यांना हुडकायचं असे. हौशी तपासात नेमकी हीच पायरी गळते. मूळ फाइल हातात नसते, आणि प्रक्रियेने घातलेली भर ही सापडलेली वस्तू ठरते.

‘मूळ’ म्हणजे तरी काय, हेही पाहिलं पाहिजे. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाहीत. त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६चं. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या आणि पाव-पाव लाल-निळ्या. म्हणजे फोटोतल्या रंगाच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश आकडे शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. बारीक विणीच्या कापडावर हा अंदाज चुकतो आणि साध्या करड्या जाकिटावर इंद्रधनुषी पट्टे खेळू लागतात. त्यानंतर येतं जेपेग. ते चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं, डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक टाकून देतं आणि रंगाची माहिती बहुधा निम्म्याच बारकाईने साठवतं. लाल लिपस्टिकच्या कडेबाहेर जो तांबूस धूर दिसतो, तो इथला. फोटो व्हॉट्सॲपवरून पुढे गेला की पुन्हा दाबला जातो, पुन्हा थोडं गळतं. आता स्टुडिओतला काळा पडदा घ्या. साध्या जेपेगमध्ये उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात; त्यातल्या जेमतेम दहा-बारा त्या पडद्याच्या वाट्याला येतात. कॉन्ट्रास्ट चढवला की एवढ्याच पायऱ्या ताणल्या जातात, त्यांच्यामधली अंतरं उघडी पडतात आणि सौम्य उतार जिन्यासारखा दिसू लागतो. पडद्यावरची ‘वलयं’ ती हीच, आणि त्यांच्यावर चौकोनांची जाळी उमटली की ‘गुप्त रचना’ही सापडते. छापील मासिकाचं पान स्कॅन केलं असेल तर छपाईच्या शाईचे ठिपके आणि स्कॅनरच्या रेघा एकमेकांत गुंतून आणखी वेगळे नमुने काढतात.

खांद्याभोवतीच्या तेजोवलयाचं कूळ तर शार्पनिंगच्या व्याख्येतच आहे. कड धारदार दिसावी म्हणून सॉफ्टवेअर कडेची उजळ बाजू आणखी उजळ करतं, अंधारी बाजू आणखी गडद. प्रमाण वाढलं की उजळ बाजूला पांढरी रेघ उमटते. तिची परीक्षा सोपी आहे. त्याच फोटोतल्या खुर्चीची पाठ, भिंतीवरची चौकट, कानातलं डूल यांच्या कडा बघाव्यात. कड तितकीच ठळक असेल तर तिथेही त्याच रुंदीची रेघ भेटते. मॉडेलला तेजोवलय असेल असं वादापुरतं धरलं, तर खुर्चीलाही ते आहे असं मान्य करावं लागेल. मात्र एक सावधगिरी हवी. मागून दिवा लावून केस आणि खांदे उजळवण्याची पद्धत स्टुडिओत सर्रास असते. ती कड खरी असते, केसांच्या बटांमधून असमान झिरपते आणि शार्पनेस शून्यावर आणला तरी जागची हलत नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘सगळा सॉफ्टवेअरचा खेळ’ म्हणून हात झटकणं हीही चूकच. फॅशनच्या फोटोत खऱ्या उजेडाच्या खुणा विपुल असतात. फक्त त्यांचे मालक ओळखीचे असतात. डोळ्यातली उजळ चौकट म्हणजे सॉफ्टबॉक्सचं, दिव्यावर चढवलेल्या कापडी पेटीचं, प्रतिबिंब. छत्री असेल तर गोलसर आकार आणि त्यात काड्या, रिंग लाइट असेल तर बांगडी. चौकटीच्या खाली फिकट कोर दिसली तर हनुवटीखाली रिफ्लेक्टर धरला होता असं समजावं. गालावरच्या चांदण्या बहुधा हायलायटरमधल्या अभ्रकाच्या असतात. अभ्रकाचा पातळ पापुद्रा नेमक्या कोनात असला की एकटाच चमकतो, आणि शार्पनिंगने त्याला काळी किनार मिळाली की तो त्वचेवर ठेवल्यासारखा वाटतो. हवेत तरंगणारे पारदर्शक गोळे म्हणजे फ्लॅशने उजळलेली, फोकसबाहेरची धूळ. लहान कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो, म्हणून असे गोळे तिथे जास्त. भिंगातल्या परावर्तनाचे ठिपके सहसा दिव्यापासून चित्राच्या मध्याकडे जाणाऱ्या रेषेवर येतात. इथे हौशी तपासनीस हमखास फसतो तो क्रॉपमुळे. कापलेल्या फोटोचा मध्य हा भिंगाचा मध्य नसतो, मग रेषा जुळत नाही आणि ‘स्पष्टीकरण कोसळलं’ अशी घोषणा होते.

यावर नेहमीचा आक्षेप असा: तीन वेगवेगळ्या ॲपमध्ये तीच खूण दिसली, मग ती खोटी कशी? तीनही ॲपना खाद्य एकाच फाइलचं मिळालं होतं, हे त्याचं उत्तर. एका साक्षीदाराची जबानी तीनदा लिहून घेतली म्हणून साक्षीदार तीन होत नाहीत. दुसरा साक्षीदार म्हणजे त्याच क्षणाचा दुसरा फोटो. एप्रिल २०१४मध्ये मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या छायाचित्रात क्षितिजावर झगझगीत उजेड दिसला आणि बरीच चर्चा झाली. पण रोव्हरला दोन डोळे आहेत. उजव्या कॅमेऱ्यात दिसलेला तो उजेड डाव्या कॅमेऱ्याने एका सेकंदाच्या आत टिपलेल्या चित्रात नव्हता. खडकावरून आलेली तिरीप किंवा सेन्सरवर आदळलेला वैश्विक किरण, असा खुलासा नासाच्या तज्ज्ञांनी केला. स्टुडिओत एका पोझचे फोटो लागोपाठ निघतात, तेव्हा हीच कसोटी तिथेही चालते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘आम्ही डोळ्यांवर विसंबत नाही, आम्ही न्यायवैद्यक साधन वापरतो’ असं म्हटलं जातं, आणि पुढे केलं जातं ते बहुधा ‘एरर लेव्हल ॲनालिसिस’. फाइल पुन्हा जेपेग म्हणून साठवायची आणि कुठला भाग किती बदलला ते चित्ररूपात पाहायचं, अशी ही पद्धत. तिच्यात तीव्र कडा आणि पोताचे भाग तसेही उजळतात. उजळला म्हणजे चिकटवला, असा अर्थ निघत नाही. गाझातल्या अंत्ययात्रेचा पॉल हॅन्सन यांचा फोटो २०१२ सालासाठी वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला. मे २०१३मध्ये याच साधनाचा आधार घेऊन तो अनेक फोटो जोडून केल्याचा आरोप झाला. संस्थेने स्वतंत्र तज्ज्ञांकडून मूळ रॉ फाइलशी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रियेविना साठवलेल्या फाइलशी, ताडून तो तपासला. रंग आणि उजेडाचे टोन काही ठिकाणी बदलले होते, पण जोडकाम आढळलं नाही. निकाल लागला तो मूळ फाइल समोर आल्यामुळे.

एआयने तर ही गुंतागुंत आणखी वाढवली आहे. जुनं शार्पनिंग निदान आहे त्या आकड्यांना ताणत असे. नवी साधनं नवे आकडे घालतात. २०२०मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचं ‘पल्स’ हे तंत्र सोळा गुणिले सोळा ठिपक्यांच्या चेहऱ्यापासून १०२४ गुणिले १०२४चा चेहरा बनवत असे. कोणीतरी त्याला बराक ओबामांचा अंधूक फोटो दिला, आणि बाहेर आला एक गोरा माणूस. सुबक, धारदार आणि पूर्णपणे काल्पनिक. अशाच कारणाने २०२४मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका न्यायाधीशांनी खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. असं साधन मॉडेलच्या डोळ्यात जो उजेड रंगवतं, तो त्याने आधी पाहिलेल्या इतर डोळ्यांवरून बांधलेला अंदाज असतो.

मग फोटोतल्या उजेडावरून काहीच सिद्ध होत नाही का? होतं, आणि कधीकधी भीती वाटावी इतकं. २०१३मध्ये रॉब जेन्किन्स आणि क्रिस्टी केर यांनी ३९ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने चेहरे टिपले आणि डोळ्यांतल्या प्रतिबिंबांमधून समोर उभी असलेली माणसं ओळखता येतात हे दाखवलं. प्रतिबिंबातले ते चेहरे अगदी थोड्याच ठिपक्यांचे होते, पण ते ठिपके कॅमेऱ्याने खरोखर टिपलेले होते. २०१९मध्ये जपानमध्ये एका तरुण गायिकेवर हल्ला झाला. आरोपीने पोलिसांना सांगितलं, की तिच्या सेल्फीतल्या डोळ्यांत उमटलेलं रेल्वे स्थानक त्याने स्ट्रीट व्ह्यू या ऑनलाइन नकाशातल्या रस्त्यांच्या फोटोंशी ताडून ओळखलं आणि तिथे पाळत ठेवली.

डोळ्यातल्या या उजेडाचा सध्याचा उपयोग उलट दिशेचा आहे: मॉडेल माणूस आहे की संगणकाने घडवलेली, हे ठरवण्याचा. दोन्ही डोळे एकाच दिव्याकडे बघत असतील तर दोन्हींतली चमक आकाराने जुळायला हवी, आणि एआयचे चेहरे इथे घसरतात. बफेलो विद्यापीठातल्या सिवेई ल्यू यांच्या गटाने २०२१मध्ये या तत्त्वावर पोर्ट्रेटसारख्या फोटोंत ९४ टक्के यश नोंदवलं. २०२४मध्ये हल विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञांनी दीर्घिकांतल्या प्रकाशाचं वितरण मोजायचं माप डोळ्यांना लावलं. दोन्हीकडे मर्यादा उघड आहेत. दिवा चेहऱ्याच्या फार जवळ असेल, मान वळलेली असेल किंवा रिटचिंग करणाऱ्याने एका डोळ्यातली जादा चमक पुसली असेल, तर खऱ्या मॉडेलचे डोळेही जुळत नाहीत. आणि फॅशनच्या फोटोत ती चमक पुसणं हे रिटचिंगचं नित्याचं काम आहे.