मागणी, पान, बाब

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी कॅमेरे विधान भवनाच्या पायऱ्यांवर असतात. विरोधक फलक धरून उभे, कुणाच्या गळ्यात कांद्याची माळ, कुणाच्या हातात कापसाची बोंडं. त्याच वेळी आत सभागृहात अध्यादेश पटलावर ठेवून होतात, तालिका अध्यक्षांची नावं वाचली जातात आणि अर्थमंत्री उठून पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, सादर करतात. एक वाक्य वाचून ते खाली बसतात, शोकप्रस्ताव येतो आणि दिवसाचं कामकाज संपतं. ३० जून २०२५ ला त्या एका वाक्यात ५७,५०९ कोटी ७१ लाख रुपये होते.

पत्रकार कक्षात या मागण्यांच्या पुस्तकांचा गठ्ठा आला की हात आधी गोषवाऱ्याकडे जातो. एकूण रक्कम, सर्वात मोठी खाती, संपलं. दहा मिनिटांत आकडा वाहिन्यांच्या पट्टीवर पळायला लागतो. मला गोषवाऱ्याच्या पुढची पानं वाचायची खोड आहे. तिथे प्रत्येक बाबीपुढे लेखाशीर्ष आणि रक्कम असते, आणि खाली दोन-चार ओळींत कारण. तरतूद अपुरी पडली, न्यायालयाचा आदेश आला, केंद्राचा हिस्सा मिळाला म्हणून राज्याचा हिस्सा द्यायचा आहे. ही कारणं ज्याने लिहिलेली असतात तो कक्ष अधिकारी कधीच सभागृहात येत नाही. चर्चेच्या दिवशी फार तर अधिकाऱ्यांच्या गॅलरीत दिसतो, मांडीवर फाईल घेऊन.

मंत्रालयातल्या एका खात्याच्या अर्थसंकल्प शाखेत हे काम चालू असताना मला बसायला मिळालं होतं. जिल्ह्यांतून फोनवर आकडे मागवणं चालू होतं आणि आकडे येत होते ते अर्थातच फुगवून. वित्त विभाग कात्री लावणार हे जिल्ह्याला ठाऊक, जिल्हा फुगवतो हे खात्याला ठाऊक, आणि खातंही तेच करतं हे वित्त विभागाला ठाऊक. एवढं सगळं सगळ्यांना ठाऊक असताना शेवटी जो आकडा छापला जातो तो बऱ्यापैकी खऱ्याजवळचा असतो, हे नवल. वित्त विभागाचे प्रश्न ठरलेले: मूळ तरतुदीपैकी खर्च किती झाला? दुसऱ्या लेखाशीर्षाखाली बचत आहे का? बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीतून काढलेला कागद जोडा.

या दुसऱ्या प्रश्नातूनच पुस्तकातली सगळ्यात मजेची नोंद जन्मते: मागणी, फक्त एक हजार रुपयांची. नवख्या वाचकाला ती छपाईची चूक वाटते. पैसे खात्याकडे दुसरीकडे शिल्लक असतात, पण योजना नवी असते, आणि नव्या बाबीवर विधानसभेच्या मंजुरीशिवाय खर्च करता येत नाही. म्हणून हजार रुपयांची लाक्षणिक मागणी ठेवायची, ती मंजूर करून घ्यायची आणि बचतीतला पैसा तिकडे वळवायचा. एकूण बेरजेत अशा नोंदीचं वजन शून्य. धोरण म्हणून मात्र तिच्यामागे एखादं नवं महामंडळही उभं असू शकतं, म्हणून मी सगळ्यात आधी हजाराच्या नोंदी शोधतो.

बेरीजही सरळ नसते. जून २०२५ च्या रकमेत १९,१८३ कोटी अनिवार्य खर्चाचे, ३४,६६१ कोटी कार्यक्रमांचे आणि ३,६६४ कोटी केंद्र पुरस्कृत योजनांचे होते. तिजोरीवरचा निव्वळ भार सरकारने ४०,६४४ कोटी सांगितला, कारण काही रक्कम केंद्राकडून येते आणि काही नुसतीच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात लिहिली जाते. सत्ताधारी निव्वळ आकडा सांगतात, विरोधक ढोबळ. दोघेही खरंच बोलत असतात.

राज्यघटनेचं कलम २०५ पुरवणी मागणीला दोन कारणं देतं. मंजूर रक्कम अपुरी पडली, किंवा अर्थसंकल्पात नव्हती अशी नवी गरज उभी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पिकांसकट माती वाहून गेली, हे मार्चमध्ये कोण लिहून ठेवणार? डिसेंबरमध्ये नागपुरात ७५,२८६ कोटींच्या मागण्या आल्या आणि त्यातला मोठा वाटा शेतकऱ्यांच्या मदतीचा होता. त्यावर बोट ठेवायला जागा नाही. पण त्याच पुस्तकात ‘लाडकी बहीण’ योजनेसाठीही ६ हजार कोटींवर रक्कम होती. दरमहा १,५०० रुपये, लाभार्थींची यादी सरकारच्याच संगणकात. हा हिशेब मार्चमध्ये करता येत नव्हता असं म्हणणं कठीण आहे. ही योजना जन्मालाच मुळी अशी आली. २८ जून २०२४ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात तिची घोषणा केली, आणि पंधरवड्याच्या आत, त्याच अधिवेशनात आलेल्या ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्यांत तिचे २५,००० कोटी होते. वर्षाचा अर्थसंकल्प सहा लाख कोटींच्या थोडा वर, त्याच्या सातव्या हिश्शाहून मोठी ही पुरवणी.

अर्थसंकल्पावर मार्चमध्ये चर्चासत्रं होतात, उद्योगपती प्रतिक्रिया देतात, वर्तमानपत्रं पुरवण्या काढतात. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांतल्या या पुस्तकांना असं कुणी नाही. सरकारला खरोखर काय करायचं आहे, निवडणूक किती जवळ आहे, कुठल्या आमदारांना सांभाळायचं आहे, हे मात्र मला मार्चच्या भाषणापेक्षा इथेच स्वच्छ दिसतं. रस्ते-पुलांच्या याद्या तर मतदारसंघाचा नकाशा शेजारी ठेवून वाचाव्यात.

चर्चेला वेळ मिळतो तो बहुधा संध्याकाळनंतर. लक्षवेधी सूचना लांबलेल्या असतात, बाकं विरळ झालेली. २८८ जणांच्या सभागृहाची गणपूर्ती २९. एखाद्या विरोधकाने तिचा मुद्दा काढला की घंटा वाजते, लॉबीतून चहा अर्धा टाकून काही जण आत येतात आणि थोड्या वेळाने पुन्हा लॉबीत जातात. बोलणारा सदस्य मागणी क्रमांक, पान क्रमांक, बाब क्रमांक घडाघडा म्हणतो. नियमाला एवढं पुरतं. त्यानंतर तो आपल्या तालुक्यातल्या पुलावर येतो, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाही यावर येतो, आणि वेळ संपल्याची दुसरी घंटा होईपर्यंत तिथेच राहतो. शहरी मंडळी याला हसतात. मला त्यात हसण्यासारखं वाटत नाही. त्या पुलाबद्दल बोलायला त्याला दुसरी जागा कुठे आहे? खटकतं ते एवढंच की पुस्तकातल्या एखाद्या कारणावर, त्या दोन-चार ओळींवर, कुणी बोट ठेवून विचारत नाही.

मतदानाला मिनिटं पुरतात. अध्यक्ष मागण्यांचे क्रमांक वाचतात, उरलेल्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात, ‘होय’चं बहुमत जाहीर होतं. भारित खर्चाला, म्हणजे कर्जावरचं व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन वगैरेला, मत लागतच नाही. मग विनियोजन विधेयक येतं. विधान परिषद ते नाकारू शकत नाही, फार तर चौदा दिवस ठेवून घेऊ शकते. प्रत्यक्षात तेही होत नाही.

यानंतर आमदाराच्या मतदारसंघात पुलाचा फलक लागतो. तरतूद पुस्तकात आहे, पान क्रमांकासकट आहे. पण पैसा खर्चायचा तर वित्त विभागाने तो बीम्सवर सोडावा लागतो, आणि तो हप्त्याहप्त्याने, तिजोरीची तब्येत बघून सुटतो. काम सुरू का नाही म्हणून आमदार बांधकाम विभागात विचारायला जातो तेव्हा अभियंता संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवतो. तरतुदीच्या रकान्यात कोटीचे आकडे, शेजारी वितरित निधीचा रकाना रिकामा. मग आमदार तिथूनच वित्त विभागातल्या उपसचिवांना फोन लावतो.