सीमा बंद, आवाज चालू : गोव्याचा भूमिगत रेडिओ

छापील बातमी आणि रेडिओची बातमी यांत मूळ फरक एकच. वाचणारा मागचं पान उलटू शकतो, ऐकणारा नाही. निसटलेलं वाक्य गेलंच. म्हणून कानासाठी लिहिताना कोण, कुठे, मग काय झालं, अशा क्रमाने सांगावं लागतं. म्हणजे गोष्टच सांगावी लागते. त्या गोष्टीची ताकद गोव्याच्या मुक्तिलढ्यात दिसते.

15 ऑगस्ट 1955 रोजी पोर्तुगिजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. गोव्यातल्या वर्तमानपत्रांवर सालाझार राजवटीची सेन्सॉरशिप होतीच. अशा कोंडीत 25 नोव्हेंबर 1955 ला वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबोलीच्या जंगलातून प्रक्षेपण सुरू केलं. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं.

मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे माझं लक्ष आधी जागांकडे गेलं. दोन्ही सह्याद्रीच्या माथ्यावर, गोव्याच्या हद्दीजवळ. चौकी माणसाला अडवते, रेडिओलहरींना नाही. पण लहर पोचली म्हणून माणूस ऐकतोच असं नाही.

इथे भाषा कामी आली. प्रक्षेपण दोन भाषांत असे. कोकणीतून घरातल्या माणसाशी बोलणं, तर पोर्तुगीजमधून सरकारी नोकर आणि सैनिक यांच्याही कानापर्यंत पोचणं. सरकारी प्रचाराला उत्तर मिळे, शिवाय पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या लढ्याच्या बातम्याही मिळत. 1961 मध्ये अंगोला पेटला, तेव्हा गोव्यातल्या श्रोत्याला कळलं की आपण एकटे नाही. आपलं दुःख एका मोठ्या कथेचा भाग आहे, हे सुटी बातमी सांगू शकत नाही. दिवसामागून दिवस जोडत गेलेली गोष्टच सांगते.

19 डिसेंबर 1961 रोजी 451 वर्षांची राजवट संपली. तेव्हा सरदेसाई आणि लोबो यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची घोषणा केली. सहा वर्षं ज्यांनी गोष्ट सांगितली, त्यांनीच तिचा शेवटही सांगितला. लिबिया लोबो-सरदेसाई यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ज्यांनी हे प्रक्षेपण लहानपणी ऐकलं, ते आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. कागद दप्तरात थांबतील, माणसं थांबणार नाहीत. तुमच्या घरी असं कुणी असेल तर विचारा : रेडिओ कुणाकडे होता, आवाज किती बारीक ठेवायचा, दाराशी कोण बसायचं. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढचा इतिहास त्यातूनच लिहिता येईल.