‘मुलीसाठी वर बघ’ म्हटल्यावर नेमकं वर कोण बघतं?

आधी एक छोटीशी बतावणी वाचा. मीच जुळवलेली आहे, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नका.

पाटील : गणप्या, आमच्या सोनीसाठी वर बघ.
गणप्या : (आढ्याकडे मान करून) बघतोय की.
पाटील : मग? काय दिसतंय?
गणप्या : तीन कौलं फुटलीत, पाटील.
पाटील : अरे गाढवा, वर म्हणजे नवरा!
गणप्या : नवरा? मग तो वर कशाला चढला?
पाटील : अरे, सोनीचं लग्न करायचंय!
गणप्या : मग तर आधी कौलंच बघा. गळक्या घरात पाहुणा टिकत नाही, जावई काय टिकणार?

हसलात, निदान गालातल्या गालात हसलात, तर तुमच्या मेंदूने आत्ता एक बऱ्यापैकी अवघड काम केलं. त्याच कामाबद्दल आज लिहिणार आहे. माझी पीएचडी एकाच शब्दाच्या अनेक अर्थांवर आहे. त्यामुळे ‘तू दिवसभर करतेस काय?’ या प्रश्नाला ‘कोट्या वाचते’ हे माझं अगदी प्रामाणिक उत्तर असतं. (कोट्या म्हटल्यावर समोरच्याला आधी पैसे आठवतात. म्हणजे ‘कोटी’ हा शब्दच मुळात एक कोटी आहे.)

आता मुद्द्याचं. ‘वर’ हा शब्द कानावर पडला की मेंदू काय करतो? आपल्याला वाटतं, संदर्भ बघतो आणि योग्य तो अर्थ उचलतो. ‘मुलीसाठी’ म्हटलंय ना, मग नवराच. आढ्याचा विचार आपल्या मनात येतही नाही.

पण तो येतो. १९७९ साली डेव्हिड स्विनी या संशोधकाने हे फार हुशारीने दाखवलं. त्याने लोकांना हेडफोनवर वाक्यं ऐकवली. एका वाक्यात ‘बग’ हा इंग्रजी शब्द होता. बग म्हणजे किडा, आणि बग म्हणजे चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. (हिंजवडीत काम करणाऱ्यांना तिसराही अर्थ ठाऊक आहे, पण प्रयोगात तो नव्हता.) वाक्यात कोळी, झुरळं असा सगळा किड्यांचाच संदर्भ होता. तो शब्द ऐकवून होताच समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटायची आणि ‘हा खरा शब्द आहे का?’ एवढंच सांगायचं असायचं. गंमत अशी की ‘मुंगी’ या अर्थाचा शब्द लोकांनी जितक्या चटकन ओळखला, तितक्याच चटकन ‘हेर’ या अर्थाचाही ओळखला. म्हणजे किड्यांचा एवढा संदर्भ देऊनही हेरगिरीचा अर्थ जागा झालेलाच होता. मात्र हीच चाचणी तीन अक्षरं पुढे जाऊन घेतली, तेव्हा फक्त मुंगी उरली होती. हेर गायब.

थोडक्यात, शब्द ऐकल्याबरोबर त्याचे सगळे अर्थ उठून बसतात आणि साधारण एका सेकंदाच्या आत नको असलेल्यांना आपण परत झोपवतो. हे इतकं गुपचूप होतं की आपला आपल्यालाही पत्ता लागत नाही.

आता गणप्याकडे परत या. पाटलांचं वाक्य ऐकताना ‘आढ्याकडे’ हा अर्थ तुमच्याही डोक्यात क्षणभर उठला होता. तुम्ही तो झोपवलात. गणप्याने मान वर केली आणि त्याला पुन्हा जागं केलं. वेंधळ्या पात्राचं विनोदातलं काम मला वाटतं हेच आहे : आपण शहाण्यांनी जो अर्थ टाकून दिला, तो तो उचलून आणतो आणि आपल्यासमोर धरतो. आपण हसतो, कारण तो अर्थ आपल्याला अनोळखी नसतो. नुकताच आपल्याच हातून टाकला गेलेला असतो.

पण नुसतं अनपेक्षित काही आलं की विनोद होतो का? नाही होत. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलियार्ड यांनी १९८० साली लोकांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून त्यांना एकेक शब्द करत वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट मुद्दाम बिघडवलेला होता. आपल्याकडचं उदाहरण करायचं तर : ‘आजीने वाफाळत्या आंबेमोहोर भातावर मोजे वाढले.’ ‘मोजे’ वाचल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांच्या आसपास मेंदूच्या विद्युतलहरींत एक ठळक ऋण शिखर दिसतं. आज त्याला ‘एन-४००’ म्हणतात. मेंदू जणू म्हणतो, हे काही बसत नाही बुवा!

मोज्यांच्या वाक्यात धक्का आहे, पण पुढे काही नाही. मोजे का वाढले, हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून आपण फार तर भुवया उंचावतो. जेरी सल्स यांनी १९७२ मध्ये विनोदाच्या आकलनाच्या दोन पायऱ्या सांगितल्या : आधी विसंगती जाणवते, मग ती सुटते. गणप्याचं वर बघणं विसंगत वाटतं आणि लगेच उलगडतं, ‘अच्छा, तो हा वर!’ ही दुसरी पायरी ऐकणाऱ्याने स्वतः चढायची असते. आपण त्याला उचलून वर ठेवलं की मजा गेली. विनोद समजावून सांगितला की मरतो, त्याचं कारण हे. (हा लेख लिहिताना मी किती मारले असतील, देव जाणे.)

मग चांगली कोटी आणि ‘आई गं, बास कर’ वाली कोटी यांत फरक काय? जस्टिन काओ, रॉजर लेव्ही आणि नोआ गुडमन यांनी २०१६ मध्ये यासाठी एक गणिती मॉडेल मांडलं. त्यांनी दोन गोष्टी मोजल्या. पहिली, दोन्ही अर्थ कितपत तुल्यबळ आहेत. दुसरी, दोन्ही अर्थांना वाक्यातल्या वेगवेगळ्या शब्दांचा आधार आहे का. कोटी आहे की साधं वाक्य, हे ओळखायला दोन्ही मापं उपयोगी पडली. पण कोट्यांमधली जास्त मजेदार कोणती, हे मात्र दुसऱ्या मापाने सांगितलं.

आपल्या वाक्यावर लावून बघा. ‘मुलीसाठी’ हा शब्द नवऱ्याच्या बाजूने उभा आहे आणि ‘बघ’ आढ्याच्या बाजूलाही जाऊ शकतो. दोघांना आपापले साक्षीदार आहेत, म्हणून खटला रंगतो. आता नुसतं ‘वर आहे’ म्हणा. अर्थ दोन्ही शक्य आहेत, पण साक्षीदारच नाहीत. कोण हसणार?

इथे मराठीची एक खास खोड सांगते, कारण ही मॉडेलं बहुतेक इंग्रजीवर बेतलेली असतात. पाटलांचं वाक्य भूतकाळात नेऊन बघा. ‘गणप्याने वर बघितला’ म्हटलं की नवरा. ‘गणप्याने वर बघितलं’ म्हटलं की आढं. नवरा पुल्लिंगी आहे, म्हणून क्रियापद ‘बघितला’ होतं. दिशेला लिंग नाही, म्हणून ‘बघितलं’. एका मात्रेने भांडं फुटतं आणि कोटी जागच्या जागी मरते. आज्ञार्थात मात्र ‘वर बघ’ दोन्हीकडे सारखंच. म्हणजे मराठीत कोटी करणाऱ्याला शब्दाबरोबर काळ आणि लिंगही सांभाळावं लागतं. आपल्या बतावण्या करणाऱ्यांनी व्याकरणाचं पुस्तक उघडलं असो वा नसो, त्यांच्या जिभेला हे पक्कं ठाऊक असतं.

आणि हो, बतावणी हे तमाशाचं एक नेहमीचं अंग आहे. गण, गौळण, बतावणी आणि मग वग. त्यात सरदार किंवा पाटील सरळ बोलतो आणि सोंगाड्या प्रत्येक शब्द वाकडा पकडतो. आमच्या मुळशीला लागूनच मावळ तालुका आहे. तिथल्या तळेगाव दाभाड्याजवळच्या इंदुरी गावाने या कलेला एक मोठा माणूस दिला : दादू इंदुरीकर. ‘गाढवाचं लग्न’ या वगातला त्यांचा सावळ्या कुंभार अजून नाव घेतलं की जुन्या लोकांच्या चेहऱ्यावर हसू आणतो. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

त्या वगाची गोष्ट आठवा. शापामुळे गाढव झालेला गंधर्व एका कुंभाराकडे येतो आणि त्याला राजाच्या मुलीशी लग्न करायचं असतं. यापेक्षा अचाट काय असणार? पण गाढव बोलतं हे एकदा मान्य केलं की पुढे कुंभार अगदी रीतसर वागतो. मुलगा आपल्या घरचा, मग मागणी घालायला आपणच जायला हवं ना! त्याचा पायाच वेडा, त्यावरचं बांधकाम मात्र ओळंब्यात. गणप्याचंही तेच. ‘वर’चा अर्थ त्याने चुकवला, पण फुटकी कौलं खरीच होती.

तर मग असा वेडा माणूस आपल्याला आवडतो का? थॉमस हॉब्जने सतराव्या शतकात म्हटलं होतं की हसू म्हणजे दुसऱ्याच्या उणिवेपुढे आपण अचानक मोठे झाल्याचा आनंद. हे खरं असतं, तर गणप्या आपल्याला आवडायचं कारण नव्हतं, तो फक्त खाली हवा होता. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये वेगळी मांडणी केली : काहीतरी मोडलं पाहिजे आणि त्याच वेळी ते मोडणं निरुपद्रवी वाटलं पाहिजे. गणप्याने पाटलाचा हुकूम मोडला, पण कुणाचं नुकसान केलं नाही. मुद्दाम केलं असं म्हणायलाही जागा ठेवली नाही. उलट जाता जाता पाटलाला त्याच्याच घराची अवस्था दाखवली. हे काम शहाण्या कारभाऱ्याला जमलं नसतं.

एवढं सगळं सांगायचं कारण आता येतं.

आमचा तालुका फार विचित्र आहे. हिंजवडी याच तालुक्यात आणि ताम्हिणी घाटाच्या तोंडची गावंही याच तालुक्यात. सकाळी एकाच रस्त्यावर कंपनीची बस आणि दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल शेजारीशेजारी अडकलेल्या असतात. आणि चहाच्या टपरीपासून कॅन्टीनपर्यंत एक विनोद हमखास चालतो : ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्याची नक्कल. हशाही येतो. ‘एवढं काय मनावर घेतेस, विनोद आहे’ असं म्हणतात.

मी विचारते, कुठला विनोद? मापं लावून बघू. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांचा अर्थ एकच. दुसरा अर्थ जागा झालाच नाही, तर उलगडणार काय? सुटलेली विसंगती कुठे आहे? त्या हशात एकच अर्थ आहे : हा आपल्यातला नाही. हे शुद्ध हॉब्जचं हसू. त्याला वेंधळेपणाचा विनोद म्हणणं म्हणजे गणप्याचा अपमान आहे.

आणि बोलीचा वेंधळेपणाशी संबंध नाही, याचा पुरावा मराठीतच आहे. चि. वि. जोशी स्वतः पाली भाषेचे विद्वान. त्यांनी घडवलेला चिमणराव शिकलेला, पांढरपेशा, शुद्ध बोलणारा. तरी मराठीतला सगळ्यात लाडका वेंधळा कोण म्हटलं की त्याचंच नाव येतं. उलट तमाशातला सोंगाड्या खुशाल ‘पानी’ म्हणतो आणि शुद्ध बोलणाऱ्या सरदाराची दर दोन वाक्यांनी दांडी उडवतो. तिथे प्रेक्षक कुणाच्या बाजूने असतात, हे सांगायला नको.

पुढच्या वेळी कुणी अशी नक्कल केली आणि तुम्हाला भांडायचं नसेल, तर फक्त गणप्या व्हा. अगदी निरागस चेहऱ्याने विचारा, ‘नाही कळला. दुसरा अर्थ काय?’ आणि उत्तराची वाट बघत बसा.